पिशवी लावायच्या आधी नाव विचारायचं

"सिस्टर, चार दिवस झाले मला इथं ॲडमिट होऊन, रोज सकाळी तुम्हीच इंजेक्शन देता, आणि अजून माझं नाव विचारताय?"

परवा एक सर चांगलेच चिडले. रिटायर्ड शिक्षक, हिमोग्लोबिन ६.२, पोटात आतल्या आत कुठेतरी रक्त जात होतं. माझ्या हातात त्यांची रक्ताची पिशवी, शेजारी दुसरी सिस्टर ब्लड बँकेचा फॉर्म घेऊन उभी, आणि मी कॉटला टेकून विचारतेय की तुमचं पूर्ण नाव सांगा. मी म्हटलं, "सर, तुम्ही वर्गातल्या सगळ्या पोरांना चेहऱ्यानं ओळखत होता, तरी रोज हजेरी घेतच होता ना?" ते दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिले आणि मग खणखणीत आवाजात वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं, वर "हजर" असंही म्हणाले.

वीस वर्षांच्या वर झाली मला या कामात. या वर्षांत मी किती पिशव्या लावल्या त्याची मोजदाद नाही, पण एक पिशवी जी मी लावली नाही, लावता लावता राहिली, ती मला रोज आठवते. तिच्यामुळेच मी हे नाव विचारायचं सोडत नाही, कुणी चिडलं तरी, ओळखीचं असलं तरी, अगदी माझी सख्खी मावशी त्या कॉटवर असली तरी.

२००६ चं साल. नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं झालेली, मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी मोठा दवाखाना, बाळंतिणींचा वॉर्ड, नाइट ड्युटी. कॉट संपले की खाली गाद्या टाकायच्या अशी परिस्थिती. त्या रात्री वॉर्डात दोन बायका अशा होत्या की दोघींचं नाव एक आणि आडनावही एक, त्या तालुक्यात निम्म्या लोकांचं तेच आडनाव आहे. दोघींनाही डिलिव्हरीनंतर खूप ब्लीडिंग झालेलं, दोघींनाही रक्त सांगितलेलं. रात्री तीनच्या सुमाराला एकीचा नवरा पिशवी घेऊन आला. मी टेबलावर जाऊन केसपेपर काढला, पिशवीवरचं नाव आणि केसपेपरवरचं नाव बघितलं, ग्रुप बघितला, नंबर बघितला, सगळं तंतोतंत. बीटी सेट, म्हणजे रक्त चढवायची नळी, जोडला, नळीतली हवा काढली आणि खिडकीजवळच्या बाईपाशी गेले. ती ग्लानीत होती. मी विचारलं, "ताई, तुमचं नाव अमुकच ना?" ती म्हणाली, हो.

आता यात चूक कुठे झाली ते बघा, कारण मला स्वतःला ती कळायला बराच वेळ लागला. पिशवी बरोबर होती, केसपेपरही बरोबर होता, दोन्ही एकमेकांशी जुळत होते. फक्त तो केसपेपर या बाईचा नव्हता, दाराजवळच्या गादीवरच्या बाईचा होता. कागद कागदाशी जुळला होता आणि माणसाशी मी काही जुळवलंच नव्हतं. आणि जो एक प्रश्न मला वाचवू शकला असता, त्याचं उत्तर मी प्रश्नातच घालून दिलं होतं. अंगात ताप असलेल्या, तीन रात्री न झोपलेल्या बाईला तुम्ही काहीही विचारा, ती हो म्हणते. सिस्टरला नाही कसं म्हणायचं, असंही असतं त्यात.

आमच्या सिनिअर सिस्टर राउंडला आल्या म्हणून. त्या काही बोलल्या नाहीत, माझ्या हातातली नळी नुसती धरून ठेवली आणि बाईच्या गालावर हात ठेवून विचारलं, "बाळा, तुझं नाव काय? नवऱ्याचं काय? गाव कुठलं तुझं?" तिने नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, आणि माझे पाय गार पडले. पिशवी बी पॉझिटिव्ह होती, ही बाई ए पॉझिटिव्ह. तेव्हा आमच्याकडे हाताला नावाचा पट्टा बांधायची पद्धत नव्हती. सिस्टर मला वॉर्डाबाहेर व्हरांड्यात घेऊन गेल्या, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की नाव सांगायचं नाही, नाव विचारायचं. पहाटे त्यांनी मला ते सगळं रिपोर्ट बुकात माझ्या हातानं लिहायला लावलं.

ती पिशवी लागली असती तर काय झालं असतं हे पुस्तकात मी शिकले होते, परीक्षेत लिहूनही आले होते. ए ग्रुपच्या माणसाच्या रक्तात बी च्या विरुद्धची अँटीबॉडी लहानपणीच तयार होऊन बसलेली असते, त्यासाठी आधी कधी रक्त चढवलेलं असावं लागत नाही. बी ग्रुपच्या तांबड्या पेशी आत गेल्या की ही अँटीबॉडी त्यांना शिरेतच फोडायला लागते. शिरेच्या कडेने आग होते, कंबर धरते, छाती आवळते, थंडी भरते, बीपी पडतं, लघवी कोकाकोलासारखी होते, किडन्या बंद पडायला लागतात आणि मग रक्त गोठायची यंत्रणाच कोलमडून सगळीकडून रक्त वाहायला लागतं. याला अख्खी पिशवी लागत नाही, थोडंसं रक्तसुद्धा पुरतं. आणि ऑपरेशन टेबलावर भूल दिलेल्या माणसाला तर कंबर दुखतेय हेही सांगता येत नाही, तिथे अचानक बीपी पडणं आणि लाल लघवी एवढंच दिसतं. १९०१ साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी माणसामाणसाच्या रक्तात हा फरक असतो हे दाखवून दिलं म्हणून आज हे आपल्याला माहीत तरी आहे, त्याच्या आधी रक्त देऊन बघायचे आणि काही लोक का वाचतात, काही का जातात याचा पत्ता लागायचा नाही. त्यांना १९३० साली नोबेल मिळालं, १४ जून हा त्यांचा वाढदिवस, तोच आता रक्तदाता दिन म्हणून जगभर पाळतात. पण लँडस्टायनर यांनी कितीही शोध लावला, ब्लड बँकेतल्या टेक्निशियनने कितीही नीट क्रॉसमॅच केलं, म्हणजे देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं रक्त जुळतंय का ते तपासलं, तरी शेवटी ते रक्त बरोबर माणसाच्या कॉटपाशी पोचणं एका सिस्टरच्या हातात असतं, आणि तिची त्या वेळी सलग तिसरी नाइट असते.

नाव चुकायची जागा खरं तर त्याच्याही आधी असते. क्रॉसमॅचसाठी बल्बमध्ये, म्हणजे सॅम्पलच्या छोट्या बाटलीत, रक्त काढतो तेव्हा. स्टुडंट मुली काय करतात, टेबलावर बसून चार बल्बना चार नावांचे स्टिकर आधीच लावून ठेवतात, म्हणजे मग पटापट रक्त काढता येतं. मी हे दिसलं की तिथल्या तिथे सगळे स्टिकर काढायला लावते. लेबल पेशंटपाशी, रक्त काढल्यावर, नाव विचारून, तिथेच उभं राहून लिहायचं. कारण बल्ब चुकला तर पुढचं सगळं, ब्लड बँकेतलं अगदी अचूक काम सुद्धा, चुकीच्या माणसासाठी होतं, आणि वॉर्डात आम्ही दोघी सिस्टर कितीही डोळ्यात तेल घालून बघितलं तरी कागद सगळे बरोबरच दिसणार.

नंतर मी पुण्याला आले. इथे पहिल्यांदा कंपोनंट, म्हणजे रक्ताचे वेगळे केलेले भाग, रोजच्या रोज हाताळायला लागले, आमच्या तिकडे तेव्हा सरसकट होल ब्लडच लावायचो. साडेतीनशे मिलीलिटरची पिशवी आली की लावली. इथे बघितलं की एकाच माणसाने दिलेलं रक्त तीन जणांना जातंय. दूध तापवून ठेवलं की साय जशी आपोआप वर येते, तसं पिशवी मशीनमध्ये गरागरा फिरवली की तांबड्या पेशी जड म्हणून तळाला बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो, त्यातून प्लेटलेट वेगळ्या काढता येतात. आणि प्रत्येकाचं हवामान वेगळं. तांबड्या पेशींना २ ते ६ डिग्री लागतं, साध्या पिशवीत त्या ३५ दिवस टिकतात, वरून पोषक द्रावण घातलं तर ४२. प्लाझ्मा उणे ३० ला गोठवून वर्षभर ठेवतात. आणि प्लेटलेट, त्यांना फ्रिज अजिबात चालत नाही, २० ते २४ डिग्रीला एका हलत्या ट्रेवर त्या सतत झुलत असतात, पाळण्यात घातल्यासारख्या, आणि तरी पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत. मी पहिल्यांदा ब्लड बँकेत तो पाळणा बघितला तेव्हा कितीतरी वेळ तिथेच उभी होते.

हे हवामान वॉर्डात कुणाला माहीत नसेल तर काय होतं तेही बघितलंय. डेंग्यूचे दिवस, एका तरुण मुलाला चार आरडीपी, म्हणजे चार दात्यांच्या प्लेटलेटच्या चार पिशव्या, सांगितल्या, नातेवाइकांनी धावपळ करून आणल्या, त्याच वेळी शेजारच्या कॉटवर इमर्जन्सी झाली आणि वॉर्डातल्या मामांनी चांगल्या मनाने, खराब होऊ नयेत म्हणून, त्या चारही पिशव्या औषधांच्या फ्रिजमध्ये ठेवून दिल्या. तासाभराने मी फ्रिज उघडला तर त्या इन्सुलिनच्या शेजारी थंडगार पडलेल्या. गार पडलेल्या प्लेटलेटचा आकार बदलतो, अंगात गेल्या की लिव्हर त्यांना भराभर काढून टाकतं, उपयोग शून्य. चार माणसांनी दंड पुढे करून दिलेलं दान. मामांना दोष देता येत नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरात मराठीत कागद लावला, रक्त, प्लाझ्मा, प्लेटलेट यातलं काहीही इथे ठेवायचं नाही. आणि लाल पिशवीसुद्धा नाहीच, कारण वॉर्डाचा फ्रिज दिवसातून पन्नास वेळा उघडतो.

डेंग्यूवरून आठवलं, पिवळी पिशवी बघून लोक भांडतात. "रक्त सांगितलं होतं, हे पिवळं पाणी काय लावताय?" मुलगा तापाने फणफणलेला, बाप रात्रभर चार ब्लड बँका फिरलेला, त्याला मी काय म्हणून रागवू. मी ती पिशवी उजेडासमोर धरते आणि हळूच हलवते. चांगल्या प्लेटलेट असतील तर आत धुक्यासारखे भोवरे फिरताना दिसतात. बापाला दाखवते. बघा, या त्या, तुमच्या मुलाचं रक्त थांबवायला. एकदा बघितलं की भांडण थांबतं. आणि दुसरीकडे काही घरांमध्ये रिपोर्टवर पन्नास हजार आकडा दिसला की प्लेटलेट चढवा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागतात. कुठून रक्त येत नसेल तर साधारण दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय सहसा त्या लागत नाहीत, हे सांगून सांगून डॉक्टर दमतात. उगाच चढवलेली पिशवी म्हणजे नुसता खर्च नसतो, दुसऱ्या कुणाच्या वाट्याची पिशवी गेली आणि या पेशंटला रिॲक्शनचा धोका फुकट मिळाला.

एक प्रसंग सांगायचाच आहे. पावसाळ्याचे दिवस होते, एका बाईला पॅक सेल, म्हणजे नुसत्या तांबड्या पेशींची पिशवी, लागणार होती, ग्रुप निगेटिव्ह, जवळ मिळाली नाही म्हणून तिचा भाऊ लांबच्या तालुक्याला जाऊन एसटीने पिशवी घेऊन आला. वॉर्डात आला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला. थर्मोकोलचा डबा होता त्याच्याकडे, बर्फासकट दिलेला, पण तो रिकामा हातात. पिशवी त्याने शर्टाच्या आत, बनियनला लावून, दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. मला म्हणाला, "लई गार होती ओ सिस्टर, अशीच अंगात सोडली तर बहिणीला थंडी भरंल, म्हणून अंगाची ऊब देत आणली." दीड तासाचा प्रवास. मी पिशवी हातात घेतली, ती खरंच कोमट होती, माणसाच्या अंगाइतकी. फ्रिजमधून काढल्यावर अर्ध्या तासात रक्त लावायला घ्यावं लागतं आणि बाहेर काढल्यापासून चार तासांच्या आत संपवावं लागतं, कारण कोमट रक्तात एखादा जंतू असला तर तो वाढायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही. ब्लड बँकेला फोन केला, त्यांनी नाही सांगितलं. आणि ते मला त्या भावाला सांगायचं होतं. मी सांगितलं. तो काही बोललाच नाही, नुसता शर्टाची बटणं लावत राहिला, ओल्या शर्टाची, एक बटण सारखं सुटत होतं. दुसरी पिशवी संध्याकाळपर्यंत मिळाली, बहीण बरी झाली, पण मला त्या दिवशी वाटलं की पिशवी हातात देताना त्याला कुणीतरी दोन मिनिटं थांबवून सांगायला हवं होतं. तेव्हापासून कुणाला ब्लड बँकेत पाठवायचं असलं की मी आधी खाली बसवते. डबा उघडायचा नाही. काखेत धरायची नाही. मध्ये चहाला थांबायचं नाही. गरम पाण्यात तर चुकूनही ठेवायची नाही, पेशी फुटतात. थंडी वाजायची काळजी तुम्ही करू नका, त्यासाठी मी आहे, पांघरूण आहे.

घरच्यांची माया अशीच आणखी एका ठिकाणी आडवी येते. "बाहेरचं कुणाचं नको, माझंच ताजं ताजं काढा आणि माझ्या मुलीला लावा." हे रोज ऐकते. त्यांना वाटतं आपलं रक्त आपल्या माणसाला जास्त मानवेल. पण एचआयव्ही, दोन्ही काविळी, गुप्तरोग, मलेरिया या तपासण्या झाल्याशिवाय कुणाचंच रक्त देता येत नाही, सख्ख्या बापाचं सुद्धा. आणि जवळच्या नात्यातलं रक्त कधी कधी जास्तच धोक्याचं असतं, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या सारख्या असतात की पेशंटचं शरीर त्यांना परकं म्हणून ओळखत नाही, त्या आत घर करतात आणि मग पेशंटच्याच अंगावर उलटतात. दुर्मीळ आहे, पण झालं तर वाचवणं फार कठीण, म्हणून असं रक्त द्यायची वेळ आलीच तर आधी ते रेडिएशन देऊन घेतात. बापाला मी म्हणते, तुम्ही रक्त द्याच, ते कुणाच्या तरी मुलीला जाईल, आणि तुमच्या मुलीला कुणाच्या तरी बापाचं येईल.

आता पंधरा मिनिटांबद्दल. पिशवी चालू केल्यावर पहिली पंधरा मिनिटं मी कॉटपासून हलत नाही. थेंब मिनिटाला वीसेकच ठेवते, म्हणजे पंधरा मिनिटांत जेमतेम चहाच्या कपाच्या तळाशी उरतं तेवढं रक्त आत जातं. आधी टेम्परेचर, नाडी, बीपी, श्वास लिहिलेलं असतं, पंधरा मिनिटांनी परत. गंभीर रिॲक्शन बहुतेक वेळा सुरुवातीलाच तोंड दाखवते आणि तेव्हा ती पकडली तर माणूस हाताशी असतो. एका सिस्टरकडे तीस तीस पेशंट असले की ही पंधरा मिनिटं कुठून काढायची हा प्रश्न खरा आहे, मला त्याचं उत्तर सगळ्या वॉर्डांसाठी देता येणार नाही, मी एवढंच करते की दोन पिशव्या एकदम चालू करत नाही, आणि ड्रेसिंगचा ट्रे, फायली, जे काही बसून करता येईल ते त्या कॉटपाशी घेऊन येते.

आणि पेशंटला बोलायला लावते. कारण मॉनिटरच्या आधी माणूस सांगतो. "सिस्टर, कसंतरीच होतंय" हे वाक्य माझ्यासाठी अलार्म आहे. एका दादांना तेवढंच झालं होतं, ना ताप ना खाज, नुसतं अस्वस्थ, म्हणे भीती वाटतेय. मी आधी पिशवी बंद केली, मग डॉक्टरांना हाक मारली. हा क्रम मी पोरींना घोकून घेते, आधी बंद, मग हाक. पाच मिनिटांत त्यांना अशी हुडहुडी भरली की कॉट वाजत होता. नळीतलं उरलेलं रक्त पण आत जाऊ द्यायचं नाही, नवीन सेट लावून साधं नॉर्मल सलाईन चालू ठेवायचं म्हणजे शीर हातची जात नाही. दुसरं कुठलं सलाईन नाही, आरएल म्हणजे रिंगर लॅक्टेट, त्यात कॅल्शियम असतं, त्याने नळीत गुठळ्या होतात, आणि डेक्स्ट्रोजने पेशी चिकटतात, फुटतात. मग पुन्हा नाव, पट्टा, पिशवी, सगळं परत ताडून बघायचं, आणि पिशवी सेटसकट ब्लड बँकेला परत, सोबत ताजं रक्त आणि लघवीचं सॅम्पल. पिशवी कचऱ्यात टाकायची नाही. ही चूक फार होते, घाबरून आवराआवर करताना मावशी पिशवी घेऊन जातात, आणि मग काय झालं ते कधीच कळत नाही. दादांची ती तापाची साधी रिॲक्शन निघाली, संध्याकाळी ते जेवले.

फॉर्म भरला. रिॲक्शनचा फॉर्म म्हटलं की अजूनही कितीतरी सिस्टर कचरतात, आपल्यावर येईल म्हणून. आपल्याकडे २०१२ च्या डिसेंबरपासून देशपातळीवर हिमोव्हिजिलन्सचं, म्हणजे रक्ताच्या रिॲक्शनची नोंद ठेवायचं, काम चालू आहे, नोएडाच्या राष्ट्रीय संस्थेकडे हे फॉर्म जातात, ते कुणाला पकडायला नसतात, असं पुन्हा कुठे होऊ नये म्हणून असतात. मी नव्या पोरींना माझी २००६ ची रात्र सांगते ती याचसाठी. सांगताना अजूनही घसा कोरडा पडतो, पण सांगते.

आमच्याकडे डे केअरला थॅलेसेमियाची मुलं येतात, जन्मापासूनच यांच्या अंगात नीट रक्त तयार होत नाही. त्यातला एक आठ वर्षांचा आहे, दर तीन आठवड्यांनी येतो, सहा महिन्यांचा होता तेव्हापासून रक्तावर आहे. तो आल्या आल्या हात पुढे करतो आणि सांगतो, ही शीर नको, मागच्या वेळी फुटली होती, ही घे. स्वतःचं नाव मी विचारायच्या आधी ओरडून सांगतो आणि मग पिशवीवरचा नंबर वाचायचा हट्ट करतो, एकेक आकडा, बोट ठेवून. एकदा त्याने वाचता वाचता थांबून विचारलं, "इथे सात आहे, कागदावर एक आहे." खरंच छपाई पुसट होती, सात होता, पण मी चालू करायची थांबले, ब्लड बँकेला फोन करून खात्री करून घेतली. त्याची आई प्रत्येक एप्रिल-मे महिन्यात घाबरलेली असते. कॉलेजं बंद, कॅम्प कमी, लोक गावाला गेलेले, पिशव्या आटतात. गणपतीत, शिवजयंतीला मंडळं रांगा लावून रक्त देतात आणि ते फार मोठं काम आहे, पण रक्त फार तर ३५ ते ४२ दिवस टिकतं आणि या पोराला बारा महिने लागतं. शक्य असेल तर मे महिन्यात द्या एवढं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. पुरुषांना तीन महिन्यांनी, बायकांना चार महिन्यांनी परत देता येतं, हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर पाहिजे. बायकांचं तिथेच अडतं आपल्याकडे. द्यायला येतात आणि स्वतःच साडेनऊ निघतात.

ओ म्हटलं की सगळ्यांना चालतं असं समजून बसलेल्या मला मुंबईनेही एकदा धडा दिला. एका पेशंटचा ग्रुप ओ आला होता आणि ओ च्या एकामागून एक पिशव्या क्रॉसमॅचला बसेनात. ब्लड बँकेतल्या मॅडमचा फोन आला, बॉम्बे ग्रुप असणार. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा ग्रुप जगापुढे आणला, म्हणून शहराचं नाव त्याला चिकटलं. या लोकांच्या पेशींवर ए, बी तर नसतातच, त्याच्या पायाशी असणारं एच सुद्धा नसतं, त्यामुळे साध्या तपासणीत ते ओ दिसतात पण ओ चं रक्त दिलं तर तेही फुटतं. भारतात साधारण दहा हजारांत एखादा. त्यांना फक्त त्यांच्यासारख्याचंच चालतं. दाता दुसऱ्या जिल्ह्यातून रात्रीची गाडी पकडून आला, रक्त दिलं, पेशंटला बघितलंही नाही, सकाळच्या गाडीने परत कामावर गेला. क्रॉसमॅच न करता ओ आहे म्हणून घाईत लावलं असतं तर, हा विचार मी त्या दिवशी पूर्ण केलाच नाही.

मागच्या आठवड्यातल्या आजींचं सांगते आणि थांबते. पंचाहत्तरीच्या, भोरच्या बाजूच्या, हिमोग्लोबिन ४.१. इतकं कमी हिमोग्लोबिन घेऊन त्या गेल्या महिन्यापर्यंत शेतात जात होत्या, शरीराने हळूहळू सवय करून घेतलेली. अशा माणसाला भराभर रक्त दिलं तर हृदयाला तो भार झेपत नाही, फुफ्फुसात पाणी होतं, म्हणून एकच पिशवी, अगदी सावकाश. मी आणि दुसरी सिस्टर पिशवी घेऊन गेलो. "आजी, पूर्ण नाव सांगा." आजींनी स्वतःचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. मधलं नाही. "आजी, मधलं?" त्या सुनेकडे बघायला लागल्या. सून सांगायला गेली, मी तिला थांबवलं, म्हटलं त्यांनाच सांगू दे. आजी म्हणाल्या, "मालकांचं नाव घ्यायचं व्हय? एवढ्या मानसांम्होरं?" साठ वर्षांच्या संसारात त्यांनी ते नुसतं असं कधी घेतलं नव्हतं. मी म्हटलं, आजी, माझ्याकडे कागदावर आहे, हाताच्या पट्ट्यावर पण आहे, पण तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी ही पिशवी लावणार नाही, मला वेळ आहे. त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला, वर स्टँडकडे बघितलं आणि म्हणाल्या,

"तांबडी पिशवी टांगली उशाला, अमुकरावांचं नाव घेते, उशीर कशाला."

अमुक मी इथे घातलंय, आजींनी खरं नाव घेतलं, अगदी स्पष्ट. शेजारच्या कॉटवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी पट्टा बघितला, फॉर्म बघितला, पिशवी बघितली, दुसऱ्या सिस्टरने नंबर मोठ्याने वाचला, मी मोठ्याने वाचला. जुळलं. पिशवीला गळती नाही, आत गुठळी नाही, तारीख बरोबर. चालू केली आणि स्टूल ओढून बसले.

आठदहा मिनिटांनी आजी म्हणाल्या, "कुनाचं गं हे?" मी सांगितलं की माहीत नाही आजी, पिशवीवर देणाऱ्याचा नंबर असतो, नाव नसतं. त्या जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "औक्षवंत होऊ दे." पंधरा मिनिटं झाली, परत बीपी घेतलं, नाडी घेतली, थेंब थोडे वाढवले. नंतर मी दर अर्ध्या तासाने येऊन त्यांच्या श्वासाकडे बघत होते, उशी उंच करून दिली होती, त्या मध्येच डोळा लागून घोरत होत्या.

फाइलमध्ये लिहिलं: सकाळी ९.४० ला चालू, दुपारी १.१५ ला संपली. नाडी ८४, बीपी १३०/८०, श्वास १८, ताप नाही, दम नाही, रिॲक्शन नाही. खाली माझी सही, शेजारी दुसऱ्या सिस्टरची. दोनला हँडओव्हर दिला.